पंपाचं उत्तर

तंबाखूचा रिकामा चपटा डबा तारयंत्राच्या खटक्यामागे उभा केला, की खटक्याचा आवाज साधारण दीडपट होतो. डबा जरा तिरपा ठेवला तर आवाज नुसता वाढत नाही, त्याला स्वतःचा सूर येतो. एका खोलीत पाच-सहा खटके एकदम वाजत असले, तरी तारेवर काम करणाऱ्या माणसाला आपला कोणता हे मान न वळवता कळतं, ते या सुरामुळे. थोरा क्वामेने आपला डबा पोस्टकार्डाच्या जाडीइतका डावीकडे सरकवला, खटका वाजवणारी चावी एकदा दाबून सोडली आणि कान दिला. रिकाम्या बादलीवर लाकडी चमचा आपटावा तसा आवाज आला. पंपाचा आवाज असाच असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एम्ब्रिक लुंडे बसला होता. त्याने डब्याऐवजी लोणच्याची काचेची बरणी वापरली होती, त्यामुळे त्याचा खटका किणकिणायचा. तो दिवा होता.

मिनिॲपोलिसच्या रेडिओ स्टेशनवर दर शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ओटच्या लापशीच्या जाहिरातीचं गाणं संपलं, की थोरा पंप व्हायची, एम्ब्रिक दिवा व्हायचा, आणि दोघं मंगळावर जायची. मंगळावरची माणसं केव्हाच मरून गेली होती. मागे उरली होती त्यांनी बांधलेली यंत्रं: पाणी उपसणारा पंप आणि कालव्याच्या टोकाचा उंच दिवा. बोलायला दुसरं कोणीच उरलं नव्हतं, म्हणून ती एकमेकांशी बोलायची.

कल्पना लेलंड क्राउडरची. मालिका लिहायचा तो, बसवायचा तो आणि निवेदनही तोच करायचा. केस मागे वळवलेला, सदैव घाईत असलेला, स्वतःच्या वाक्यांनी स्वतःच भारावून जाणारा माणूस. थोरा पहिल्यांदा नोकरी मागायला आली, तेव्हा तो खोलीभर येरझाऱ्या घालत होता.

"आजवर ज्याने त्याने यंत्रांना माणसासारखं बोलायला लावलं," तो म्हणाला. "नाकातून बोलणारी यंत्रं! का म्हणून? तुमचा टोस्टर तुमच्याशी इंग्रजीत बोलतो का, मिस क्वामे?"

"माझ्याकडे टोस्टर नाही," थोरा म्हणाली.

"असता तरी बोलला नसता! माझी यंत्रं यंत्रांच्या भाषेत बोलणार. लोकांना त्यातलं अक्षर कळता कामा नये. अंगावर काटा आला पाहिजे. अर्थ सांगायला मी आहे."

त्यासाठी त्याला कडकट्ट करणारी दोन माणसं हवी होती. रेल्वेने छोटी स्टेशनं बंद केल्यापासून शहरात तारबाबू पैशाला पासरी झाले होते.

"वाजवायचं काय?" थोराने विचारलं.

"काहीही! मनाला येईल ते. अर्थ नको, नुसता आवाज."

इथेच घोटाळा झाला. ज्याने दहा-बारा वर्षं तारेवर काढली, त्याच्या बोटांना अर्थ नसलेलं काही वाजवताच येत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला 'जरा बुडून दाखव' म्हणावं, तसंच ते. पहिल्या शुक्रवारी थोराने अगदी प्रामाणिक प्रयत्न केला. चार खटके झाले न झाले, तोच तिची बोटं जुन्या स्टेशनाच्या सवयीने आपणहून म्हणाली: एल्म क्रीक, हवा स्वच्छ, वारा वायव्येचा. पलीकडून दिव्याने तत्परतेने विचारलं: मालगाडी सुटली का?

झालं. त्या दिवसापासून मंगळावर हे असं चालू होतं.

"दिवा पंपाला विचारतो," क्राउडर डोळे मिटून मायक्रोफोनला सांगायचा, "आपले निर्माते कधी परत येतील का?"

दिवा खरं तर म्हणत असायचा: क्राउडरच्या पँटचं मागचं बटण तुटलंय. बघू नकोस. हसू नकोस.

"पंप उत्तर देतो: वाळू सगळं गिळते, मित्रा. सगळं."

पंप म्हणत असायचा: काल बहिणीकडे लुटफिस्क खाल्ला, तो बुळबुळीत मासा. अजून पोटात थुलथुलतोय.

"आणि त्या अथांग निर्जनतेत..." इथे क्राउडरचा आवाज खरोखर कापायचा, "दोन यंत्रं... एकमेकांचं सांत्वन करतात."

सोडा घे, दिवा म्हणायचा. आणि तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा नको म्हणायचं होतंस.

थोरा गाल आतून चावून धरायची. मंगळावर हसणं शोभलं नसतं.

कोणी विचारेल, रेडिओ तर रेल्वेच्या दर स्टेशनात होता, मग तारबाबूंना हे ऐकू येत नव्हतं का? येत होतं की. डाकोटापर्यंतच्या साऱ्या लाइनीवर येत होतं. पण तारेची एक रीत आहे. तारेवर एका वेळी सगळी स्टेशनं असतात. एल्म क्रीकने नॉर्थ फोर्कला काही कळवलं, की ते अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्या खटक्यांवर वाजतं. सगळे ऐकतात आणि ऐकलंच नाही असं वागतात. कोणाच्या घरचं भांडण, कोणाच्या नवऱ्याची दारू, सगळं सगळ्यांना ठाऊक. समोरासमोर भेट झाली की मात्र फक्त हवापाण्याची चौकशी. त्यात लाइनीवरचे निम्मे लोक नॉर्वेजियन, म्हणजे न बोलण्याची विद्या त्यांना आईच्या दुधातूनच मिळालेली. थोरा आणि एम्ब्रिकला लाइन ऐकत असणार हे माहीत होतं, आणि लाइन काही बोलणार नाही हेही माहीत होतं. त्यामुळे दोघं निर्धास्त होती.

एम्ब्रिक तोंडाने बोलायचा तेव्हा गोठलेला नळ असायचा. "हं." "बरं." फार झालं तर "आज गार आहे." चावीवर हात ठेवला की धबधबा. थोराची त्याच्याशी ओळख झाली ती या धबधब्याशीच. ती एल्म क्रीकला होती, तो नॉर्थ फोर्कला, मध्ये मैलोन् मैल गव्हाची शेतं. त्याचा चेहरा तिने पहिल्यांदा पाहिला तो रेल्वेच्या सहलीत, आणि तेव्हा तिला वाटलं, हा कोणीतरी दुसराच आहे. मग त्याने नकळत लिंबू सरबताच्या पेल्यावर बोटं वाजवली आणि तिने त्याला ओळखलं. प्रत्येकाच्या हाताचं वळण वेगळं असतं, आणि एम्ब्रिकच्या हातात शेवटचं अक्षर जरा लांबवायची एक लकब होती, जणू निरोप संपू नये असं त्याला वाटत असावं.

सहा वर्षांपूर्वी, बर्फाच्या वादळात सगळ्या गाड्या अडकल्या असताना, त्या हाताने तिला विचारलं होतं: घर बांधतोय. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ठेवू की दक्षिणेला? स्वयंपाकघर तुझं होणार असेल तर तूच सांग.

थोराने उत्तर दिलं होतं: एक.

तारेवर आकड्यांची एक बोली चालते. त्यात 'एक' म्हणजे 'एक मिनिट थांब'.

ते मिनिट अजून संपलं नव्हतं. मधल्या काळात बँक बुडाली, बँकेबरोबर बिनखिडक्यांचं ते घर गेलं, एल्म क्रीक बंद झालं, नॉर्थ फोर्क बंद झालं. दोघं वेगवेगळ्या वाटांनी शहरात आली आणि क्राउडरच्या दारात एकमेकांवर आपटली. एम्ब्रिक म्हणाला, "हं." थोरा म्हणाली, "आज गार आहे." आणि दोघं मंगळावर रुजू झाली.

थोराला एम्ब्रिक नको होता असं मुळीच नाही. तिला भीती होती ती अग्नेटची. अग्नेट तिच्या आधी एल्म क्रीकला होती. सगळ्या लाइनीवर तिच्याइतका स्वच्छ हात कोणाचा नव्हता. तिने लग्न केलं आणि नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी चावी सोडली, कारण लग्न झालेल्या बाईला रेल्वेत जागा नसायची. रेडिओ स्टेशनवरही तोच नियम होता. थोरा एकदा अग्नेटकडे गेली होती. ती ओट्यापाशी कणीक मळत होती आणि उजव्या हाताची बोटं परातीच्या काठावर वाजत होती. काय बोलतेय म्हणून थोराने कान दिला. अग्नेट लाइनीला हाक मारत होती. पुन्हा पुन्हा, तीच हाक. पलीकडे परात होती.

म्हणून थोरा थांबली होती.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, क्राउडर मंगळावरच्या धुळीच्या वादळाचं वर्णन करत असताना, दिवा एकदम गप्प झाला. क्षणभराने हळू, नीट, एकेक अक्षर घासूनपुसून त्याने म्हटलं:

थोरा. घर नाही. भाड्याची खोली आहे, तिला एकच खिडकी आहे आणि ती भिंतीकडे उघडते. तरी विचारतो. लग्न करशील?

पंप थांबला. रेडिओवर शांतता पसरली. क्राउडरने डोळे उघडले, ते मोठे झाले, आणखी मोठे झाले. त्याने थोराकडे बघून हात हलवले. थोराचा हात चावीवर होता आणि हलत नव्हता.

"पंप... विचार करतो," क्राउडर घाम पुसत म्हणाला. "यंत्रांचे विचार... फार खोल असतात. पाण्यासारखे. खोल पाण्यासारखे. खोल, खोल..."

बादलीवर चमचा आपटला. एक, म्हणाला पंप.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्राउडर स्टेशनवर आला, तेव्हा त्याच्या टेबलावर एक तार होती. त्याने ती वाचली, उलटी करून पाहिली, पुन्हा वाचली.

'पंपाला सांगा, मिनिट साठ सेकंदांचं असतं. हालवर नेस, रेड बट.'

"कोणता पंप? कोणतं मिनिट?" त्याने खोलीला विचारलं. "माझ्या गोष्टीत मिनिट नाहीच!"

हालवर नेस म्हणजे लाइनीवरचा सगळ्यात म्हातारा तारबाबू. तारेची रीत त्यानेच दोन पिढ्यांना शिकवली होती, आणि आता ती त्यानेच मोडली. पुढाऱ्यानेच मोडली म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतात? दुपारपर्यंत तारांचा नुसता पाऊस पडला. 'दिव्याने धीर सोडू नये. ग्रेव्हल लेक.' 'भिंतीकडची खिडकी चालते, आमचीही तशीच आहे. मिसेस डाल, फेअरव्ह्यू.' 'पंप निर्दय आहे. नाव देत नाही.' त्यातच रेल्वेच्या एका साहेबाचा फोन आला. तो ओरडतच होता. शुक्रवारी सात वाजता अर्ध्या लाइनीवर तिकिटाच्या खिडकीत कोणी माणूस नसतो, सगळे आतल्या खोलीत रेडिओला कान लावून बसतात. आणि काल एका मालगाडीचा ड्रायव्हर, दिव्याला काय उत्तर मिळालं हे कळल्याशिवाय हलत नाही म्हणून इंजिनातून उतरूनच बसला होता.

क्राउडरने दोघांना बोलावलं. थोराने सगळं सांगितलं, थोडक्यात आणि क्रमाने. एम्ब्रिक आपल्या बुटांकडे बघत होता आणि त्याचे कान बीटासारखे लाल झाले होते.

"म्हणजे," क्राउडर खुर्चीत बसत म्हणाला, "मी तिथे एका संपूर्ण ग्रहाच्या मरणावर रडत होतो, आणि तुम्ही दोघं लुटफिस्कवर बोलत होतात?"

"नेहमी नाही," थोरा म्हणाली.

"बटण!" तो एकदम उठून मागे चाचपत म्हणाला. "माझं बटण! सगळ्या डाकोटाला माझं बटण ठाऊक आहे!"

"हं," एम्ब्रिक म्हणाला.

क्राउडर आणखी किती वेळ ओरडला असता सांगता येत नाही, पण तेवढ्यात दार उघडून मिस्टर पिंकनी आत आले. पिंकनी म्हणजे लापशीच्या कंपनीचे माणूस. गोल, गुलाबी, आणि लापशी खाल्ल्याने माणूस असा होतो हे सिद्ध करायलाच जणू नेमलेले. ते हसत होते. त्यांनी थोराचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

"पंप! तुम्ही पंप! बाई, काय सांगू तुम्हाला! सकाळपासून आमची सगळी दुकानं रिकामी झाली. गाडीवाले लापशी खातायत, हमाल लापशी खातायत. जे तार शिकलेले नाहीत ते शेजारच्या तारबाबूला घरी जेवायला बोलावतायत, अर्थ सांगायला! आता एकच करायचं."

"काय?" थोराने विचारलं.

"काहीच नाही! उत्तर द्यायचं नाही. हिवाळाभर नाही. 'थांब' म्हणत राहायचं. किती छान म्हणता तुम्ही ते!"

"आणि 'हो' म्हणालात," क्राउडर जरा खालच्या आवाजात म्हणाला, ओरडून ओरडून तो आता नरम झाला होता, "तर नियम ठाऊक आहे ना, मिस क्वामे? तो मी केलेला नाही. पण त्यानंतरच्या शुक्रवारी पंप दुसरं कोणीतरी वाजवेल."

"आणि 'नको' तर नकोच नको!" पिंकनी घाबरून म्हणाले. "'नको' ऐकल्यावर कोण लापशी खाईल?"

तो सगळा आठवडा थोरा जमिनीवरून चाललीच नाही, तरंगतच होती. रस्त्यात तिच्या मागून कोणीतरी काठीने कठड्यावर 'हो म्हण' असं वाजवत जायचं आणि ती वळली की आभाळाकडे बघायचं. दूधवाल्याच्या बाटल्या तिला काहीतरी विचारतायत असं वाटायचं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई पूर्वी तारेवर होती; तिने स्तोत्राच्या मधल्या जागेत उजव्या हाताने जे वाजवलं, ते देवाला उद्देशून नक्कीच नव्हतं. थोरा घाबरायच्या ऐवजी एकटीच हसत सुटायची. जिन्यात, भाजीच्या दुकानात, टोपी घालताना. तिच्या बहिणीने, रग्नाने, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"ताप नाही," रग्ना म्हणाली. "मग काय झालंय तुला? एकदा काय ते ठरव, बाई. माझ्या घरातले चमचेसुद्धा आता मला प्रश्न विचारतायत."

"ठरवणार आहे."

"केव्हा?"

"एक," असं थोराच्या तोंडातून निघालं, आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओच्या काचेपलीकडची बाकं भरली. एरवी तिथे लापशीचं कूपन घेऊन आलेल्या दोन-चार बायका असायच्या. आज रेल्वेच्या काळ्या कोटांची रांगच्या रांग बसली होती. टोप्या मांडीवर, चेहरे कोरे, नजर समोरच्या भिंतीवर. त्यांच्यात मधोमध पांढऱ्या मिशांचा हालवर नेस. थोरा आत जाताना तो उठून उभा राहिला.

"पोरी, आम्ही काही ऐकलेलं नाही हं," तो म्हणाला.

"माहीत आहे, हालवरकाका."

"तारेची रीत आहे ती."

"हो."

"मग काय ठरवलंस?"

सगळी रांग एकाच वेळी खोकली.

"कॉफी विचारली, की आपल्यात दोनदा नको म्हणतात आणि तिसऱ्यांदा घेतात," हालवर म्हणाला. "चौथ्यांदा कोणी विचारत नाही, कितीही चांगला माणूस असला तरी. आणि आणखी एक. स्वतःची चावी उघडी टाकून निघून जाणाऱ्याला लाइनीवर काय म्हणायचे आठवतंय? एक चावी उघडी राहिली, की सगळी तार मुकी होते. कोणाचंच काही कोणाला पोचत नाही."

"आठवतंय," थोरा म्हणाली. त्यासाठी वापरायचा शब्द बायकांसमोर उच्चारण्यासारखा नव्हता, म्हणून हालवर तेवढ्यावर थांबला.

आतल्या दाराशी एम्ब्रिक उभा होता. त्याने नवा गळपट्टा बांधला होता आणि तो त्याला गुदमरवत होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. नळ गुरगुरला.

"मी विचारणार नाही," तो म्हणाला.

थोरा बघतच राहिली. "काय?"

"विचारलं तर तुला उत्तर द्यावं लागेल. 'हो' म्हणालीस तर चावी जाईल. मी अग्नेटला ओळखतो." त्याने श्वास घेतला. एका दमात इतकं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. "मी आज फक्त हवापाणी वाजवेन. गाड्यांच्या वेळा. तू पण गाड्याच वाजव."

"सगळी लाइन आलीय, एम्ब्रिक! ड्रायव्हर गाड्या सोडून आलेत!"

"हं," तो म्हणाला, आणि नळ पुन्हा गोठला.

लापशीचं गाणं सुरू झालं. क्राउडर टाइप केलेले कागद घेऊन मायक्रोफोनपाशी गेला. काचेच्या कोपऱ्यात पिंकनी दोन्ही अंगठे वर करून उभे होते. थोरा बसली. समोरच्या त्या गळपट्टेवाल्या बावळट, भल्या माणसाकडे तिने पाहिलं, आणि चावी दोन्ही हातांनी धरली.

"मंगळावर रात्र झाली आहे," क्राउडर म्हणाला. "कालव्यातलं शेवटचं पाणी गोठलं आहे."

नॉर्थ फोर्क, दिवा म्हणाला. हवा स्वच्छ. वारा वायव्येचा. पूर्वेकडची गाडी वेळेवर.

काचेपलीकडे कोणी हललं नाही.

एल्म क्रीक, पंप म्हणाला. हवा ढगाळ. मालगाडी उशिरा.

"दोन यंत्रं आपल्या निर्मात्यांची आठवण काढतात..."

पश्चिमेकडची गाडी वेळेवर, दिवा म्हणाला. वारा मंद. बर्फ नाही. गुरांचे डबे रिकामे. गुरांचे डबे...

त्याचा हात अडखळला. थोराने वर पाहिलं. एम्ब्रिकचे ओठ घट्ट मिटलेले होते, कपाळावर घाम होता, आणि तो स्वतःच्या उजव्या हाताकडे असा बघत होता, जसं कोणी दावं तोडून निघालेल्या घोड्याकडे बघावं. ज्या हाताला अर्थ नसलेलं वाजवता येत नव्हतं, त्याला मनात नसलेलं वाजवणं तरी किती वेळ जमणार?

तिसऱ्यांदा विचारतो, हात म्हणाला. आणि शेवटचं अक्षर लांबलं, लांबलं, काचेच्या बरणीत किणकिणत राहिलं.

बाकावरची सगळी रांग एकदम छताकडे बघू लागली. रीत म्हणजे रीत. एकाची टोपी मांडीवरून घसरून खाली पडली, तरी ती उचलायला कोणी वाकलं नाही. हालवर नेसच्या मिशा थरथरत होत्या.

थोराचा हात चावीवर गेला. बोटं टेकली. तिने अजून काहीही वाजवलं नव्हतं. आणि तेवढ्यात क्राउडरने पान उलटलं.

"पंप उत्तर देतो," तो घोगऱ्या, भारावलेल्या आवाजात म्हणाला. "थांब, दिव्या. आणखी एक हिवाळा थांब."

काचेमागे पिंकनींनी आनंदाने टाळी वाजवली. ती इकडे ऐकू आली नाही.

थोरा ताठ बसली. गोष्ट इतकी सरळ होती, की ती आधी कशी दिसली नाही याचंच तिला नवल वाटलं. तिने काहीही वाजवलं, तरी ते लाइनीला कळणार होतं आणि बाकी सगळ्या जगाला क्राउडर सांगणार होता. नियम करणारे साहेब त्या बाकी जगात बसले होते. त्यांना कडकट्टची भाषा येत नव्हती. त्यांच्यासाठी पंप कायम 'थांब' म्हणत राहिला असता, लापशी संपेपर्यंत. आणि तारेवर गुपचूप 'हो' म्हणून ती पुढच्या शुक्रवारी गुपचूप नाहीशी झाली असती, अग्नेटसारखी. कोणी काही ऐकलं नसतं; रीतच होती ती. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, तर तिला काढायचं तेही सगळ्यांसमोर काढावं लागलं असतं.

तिने चावीवरून हात काढला आणि खुर्ची मागे सारली. खुर्चीचा पाय करकरला, आणि त्या शुक्रवारी मंगळावर पहिल्यांदाच एका खुर्चीचा आवाज झाला. क्राउडर वळला. त्याने डोळ्यांनी विनवलं, मग हातातल्या कागदांनी तिला अडवायचा प्रयत्न केला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. कुठल्याही गोष्ट सांगणाऱ्याला पुढे काय होणार हे जाणून घ्यायचा जो अनावर मोह होतो, तो त्याला झाला असावा. तो मायक्रोफोनपासून बाजूला झाला.

थोरा जवळ गेली. त्या यंत्राच्या जाळीतून धुळीचा आणि क्राउडरच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास येत होता. मागे एम्ब्रिक उभा राहिला होता आणि त्याच्या गळपट्ट्याची गाठ कानापाशी गेली होती. काचेमागच्या रांगेने छत सोडलं होतं आणि ती उघड उघड, निर्लज्जपणे तिच्याकडे बघत होती. थोराला हसू फुटत होतं. तिने ते गिळलं नाही.

"मी पंप," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा मोठाच वाटला, पण ठीक होता. "माझं नाव थोरा क्वामे. 'थांब' असं मी म्हटलेलं नाही, ते मिस्टर क्राउडर म्हणाले. माझं उत्तर मी देते. हो, एम्ब्रिक. मी तुझ्याशी लग्न करते, आणि पुढच्या शुक्रवारी सात वाजता मी याच चावीवर बसलेली असेन."